प्रकरण पाच, दुखानच्या रस्त्यावर

ताई, झाली! काल दुपारी पीएचडीची व्हायवा झाली, पहिल्या सामन्याच्या आधी झाली, म्हणजे आपली पैज मी जिंकले. हे कबूल करायला तुम्ही नाही, म्हणून तुमच्या वतीनेही मीच कबूल करून टाकते.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही आणि मी अशी नाचत आलेय, हे बरं दिसत नाही, कळतं मला. तुमची लेक गौरी तुम्हाला नाशिकला घेऊन गेली, दिवस करून परत आली, तेव्हा अबू हमूरच्या तुमच्या घरात आम्ही दोघी गळ्यात गळा घालून पोटभर रडलो. ते झालंय. पण ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. आणि बातमी एक नाही, दोन आहेत. दुसरीत तुमची चोरी पकडली गेलीय. ती मागाहून सांगते. "सगळं पहिल्याच पानावर ओकू नकोस," असं माझ्या पहिल्या मसुद्यावर तुम्हीच म्हणाला होतात.

आधी गावाची खबर. दोह्याचं सध्या वर्ल्ड कपपायी लग्नघर झालंय. पाहुणे दारात आले तरी कुणीतरी शिडीवर चढून माळा लावतंयच. समुद्राकाठच्या कॉर्निशवर गाड्या बंद केल्यात, उंच इमारतींवर खेळाडूंचे भलेमोठे चेहरे चढलेत, आणि केरळची पोरं अर्जेंटिनाचे निळे-पांढरे शर्ट घालून ढोल बडवत मिरवणुका काढताहेत. माझ्या मुलांच्या शाळेला स्पर्धेची सुट्टी, त्यामुळे ती जमिनीवर नाहीतच. मुलांचा बाबा निखिल मेसईदहून कंपनीच्या बसने येतो आणि चपला काढता काढता आज रस्ता कुठून वळवला ते सांगतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वा! म्हणजे आणखी दहा मिनिटं मिळाली."

आपली पहिली भेट आठवते? संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणाच्या तरी व्हिलात. एकीने मला विचारलं, तू काय करतेस, आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, "काही नाही, पीएचडी अर्धवट आहे." हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते माझं आडनाव झाल्यासारखं होतं. बाकीच्या बायका सहानुभूतीने मान हलवून तिळगुळाकडे वळल्या. कोपऱ्यात बसलेल्या तुम्ही तेवढ्या वळला नाहीत.

"विषय काय?"

"आखातातलं हौशी मराठी नाटक. दुखानच्या तेल कंपनीच्या कॉलनीत आपले लोक पूर्वी नाटकं करायचे, त्याच्यावर."

तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "गाडी चालवतेस?"

"हो."

"मग शुक्रवारी सकाळी मला दुखानला ने."

मला वाटलं, आजीबाईंना फुकट सैर हवी आहे. तुम्ही नाशिकच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या प्राध्यापक, हे मला यजमानीणबाईंनी निघताना सांगितलं. तरुणपणी तुम्ही काकांबरोबर त्याच दुखानच्या कॉलनीत संसार केला होता, काका गेल्यावर लेकीकडे परत दोह्यात आलात, हेही त्यांनीच सांगितलं. पण गाडीत ते काहीच निघालं नाही. तुम्ही पट्टा लावलात, थर्मास पायाशी ठेवलात आणि म्हणालात, "हं, यल्ला, निघू या. सांग पहिलं प्रकरण."

"कागद घरी राहिले, मॅडम."

"मॅडम निवृत्त झाल्या. ताई म्हण. आणि कागदाला कुठे विचारलंय मी?"

ही तुमची पद्धत. संशोधन करणारा कुणीही तुमच्याकडे आला की त्याने गाडी चालवायची, तुम्ही शेजारी बसायचं, आणि अबू हमूर ते दुखान त्याने एक प्रकरण तोंडी सांगायचं. कागद नाही, मोबाईल नाही. जिथे तो अडखळेल तिथे तुम्ही एकच शब्द म्हणणार, "पुढे?" कॉलनीच्या गेटावर पास लागतो, तो आपल्याकडे नव्हता, म्हणून गेटापासून गाडी वळवायची, आणि परतीच्या वाटेवर तुम्ही बोलणार. ज्याला गाडी चालवताना सांगता येत नाही त्याने ते प्रकरण अजून लिहायचं नाही, असा नियम. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणालात, "टेबलासमोर बसवलं की तुम्ही मुलं मला संदर्भ ऐकवता. स्टीअरिंग हातात असलं की विचार सांगता. आणि समोर रस्ता असला की माझ्याकडे बघावं लागत नाही, मग लाजही वाटत नाही." माझे पुण्याचे अधिकृत गाईड सज्जन माणूस, पण मी चाळीस पानं पाठवली की त्यांचं उत्तर यायचं, "पोहोचलं." तुमचं "पुढे?" त्यापुढे मला महाकाव्य वाटायचं.

फक्त रस्ता सांगायला तुम्हाला ठेवणं धोक्याचं होतं. तुमच्या डोक्यातलं दोहा काकांच्या काळातलं. तुम्ही ठामपणे म्हणायचात, "त्या राउंडअबाउटवरून डावीकडे," आणि तिथे राउंडअबाउट नसायचाच, वर्ल्ड कपच्या नावाने तो केव्हाच उखडून सिग्नल लावलेला असायचा. एकदा तुमच्या त्या गेलेल्या राउंडअबाउटच्या नादाने आपण दुखान सोडून भलत्याच ठिकाणी, एका अर्धवट स्टेडियमच्या पत्र्याच्या कुंपणापाशी पोहोचलो. इथली मुलं घालतात त्या विणलेल्या टोपीच्या आकाराचं स्टेडियम होतं ते, तेव्हा नुसते खांब उभे होते. तुम्ही काच खाली केलीत, खांबांकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "हे आधी पूर्ण होतं की तुझा प्रबंध, बघू या."

स्टेडियम जिंकलं, ताई, आणि तेही फार मोठ्या अंतराने! पण तुम्ही पैज मोडायला तयार नव्हतात. म्हणालात, "बरं, इमारतीने हरवलं. आता पहिल्या सामन्याच्या आधी."

आमचा प्रसाद आठवतो ना? तुम्ही विसरणं शक्य नाही, त्याने तुम्हाला तीन वेळा चुकीच्या एक्झिटने नेलं होतं. आयटीतला पोरगा, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, तत्त्वज्ञानात पीएचडी करणारा, विषय क्षमा. क्षमेवर बोलायला लागला की त्याला ना पाटी दिसायची ना सिग्नल. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आमची पुस्तकं घुसवायची मोहीम तुम्ही आणि तो चालवायचात. एका उन्हाळ्यात निखिलच्या मित्राच्या बॅगेत हापूसची पेटी बसवायची की प्रसादची पुस्तकं, यावरून तुम्ही त्या बिचाऱ्याला फोनवर असं काही समजावलंत की तो आंबे विमानतळावर सोडून पुस्तकं घेऊन आला. निखिल आठवडाभर तुमच्याशी बोलला नाही. मग तुम्हीच आमरसाचा डबा घेऊन आलात आणि त्याला सांगितलंत, "आंबे इथे सुपरमार्केटात मिळतात, जावईबापू. शुक्रवारी सकाळी मात्र बायको स्वयंपाकघरात मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते." तेव्हापासून शुक्रवारचे पोहे तो करतो. बरे करतो.

आणि ती एक शुक्रवारची सकाळ, मी नोंदणी रद्द करायचं ठरवून आले होते. धाकटा सतत आजारी, गाईडचं "पोहोचलं", सहामाही अहवाल थकलेला. गाडीत बसताच सांगून टाकलं, खलास, मी सोडतेय. तुम्ही समजूत काढाल म्हणून मी तयारीत होते. तुम्ही म्हणालात, "ठीक. मग आज सोडण्याचं प्रकरण सांग. नीट, पुराव्यासकट." मी तावातावाने सुरुवात केली. तुम्ही "पुढे?" म्हणत राहिलात. वाटेतल्या शहानियाचे शर्यतीचे उंट दिसायला लागले तोवर माझे पुरावे संपले होते आणि मी हसत होते. तुम्ही थर्मासमधला चहा ओतून दिलात आणि म्हणालात, "हे प्रकरण कच्चं आहे. दुसरं घे." त्या दिवसासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. राग येईल तुम्हाला, येऊ दे.

आता आपल्या भांडणाकडे येते. पाचवं प्रकरण.

दुखानच्या कॉलनीत दरवर्षी नाटक व्हायचं, आणि मग एका वर्षी शेवटचं झालं, त्यानंतर कधीच नाही. का, हे पाचव्या प्रकरणात सांगायचं होतं. मी आपली सरळ लिहून मोकळी झाले होते की घरोघरी टीव्ही आणि व्हिडिओ आले, नाटक बंद पडलं. तुम्ही म्हणालात, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, नटांनी. करंदीकर काका आणि सामंत काका, दोघे त्या शेवटच्या नाटकात होते, दोघे आता पुण्यात, दोघांशी मी व्हिडिओ कॉलवर तासन् तास बोलले होते. पण गंमत बघा, करंदीकर म्हणाले, शेवटचं नाटक तुफान रंगलं, लोक हसून हसून लोळले. सामंत म्हणाले, साफ पडलं, समोर माणसं दगडासारखी बसली होती. एकच प्रयोग! मग करंदीकर काकांनीच तोडगा काढला, "आमच्या वसुधावहिनी कायम तिसऱ्या रांगेत. त्यांना विचारा, त्या खोटं बोलायच्या नाहीत."

माझा आनंद गगनात मावेना. साक्षीदार माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी बसलेला! आणि तुम्ही काय म्हणालात? "मी काही सांगणार नाही."

"अहो ताई, म्हणजे काय!"

"मी तुला शिकवतेय. शिकवणाऱ्याला साक्षीला उभं करायचं नसतं. मी एक वाक्य बोलले की तू तेच लिहिशील आणि शोधणं थांबवशील. आधी माझ्यावाचून लिही."

"तुम्ही पुरावा दाबून ठेवताय."

"हो. मग?"

मी संतापले होते, ताई. परतीच्या सबंध रस्त्यात मी एक शब्द बोलले नाही, तुम्ही खुशाल बाहेरचे क्रेन मोजत बसलात. संतापाच्या भरात मी प्रबंधात तळटीपच टाकली, "शेवटच्या प्रयोगाच्या एक प्रेक्षक हयात आहेत, त्यांनी बोलण्यास नकार दिला." तुम्ही ती वाचलीत आणि इतक्या हसलात की ठसका लागला. "राहू दे," म्हणालात, "पण ही तळटीप टिकायची नाही हं."

मात्र त्या रागानेच माझं काम झालं. तुम्ही बोलणार नाही म्हटल्यावर मी दुसरे प्रेक्षक शोधायला निघाले. मोठी माणसं बहुतेक गेलेली. मग तेव्हाची मुलं शोधली, जी पुढे सतरंजीवर बसायची. कुणी चिपळूणला, कुणी कॅनडात, आता सगळी पन्नाशीला टेकलेली. त्यांना नाटक काही आठवेना, बरीचशी तर तेव्हा झोपून गेलेली. पण चिपळूणची एक बाई म्हणाली, "नाटक नाही गो आठवत. शाळेच्या बसमध्ये दर उन्हाळ्यानंतर कोणाची सीट रिकामी व्हायची, ता आठवता." आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मुलं आठवी-नववीत गेली की दहावीसाठी भारतात पाठवायची, आणि मुलांबरोबर आया जायच्या. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या त्या, प्रॉम्प्टिंग करणाऱ्या त्या, तालमींना चहा-पोहे पुरवणाऱ्या त्या, नवऱ्याने संवाद चुकवला की घरी वाभाडे काढणाऱ्याही त्याच. मागे उरले ते मेसमध्ये जेवणारे एकटे पुरुष. ते कसलं नाटक करतात! दुखानचं नाटक टीव्हीने बंद पाडलं नाही, दहावीने पाडलं.

हे मी तुम्हाला गाडीत सांगितलं तेव्हा सकाळ इतकी स्वच्छ होती की दूरवरची तेलाच्या विहिरीची ज्योत दिवसाही दिसत होती. मी उत्साहाने नुसती फसफसत होते. बोलता बोलता लक्षात आलं की तुम्ही खूप वेळात "पुढे?" म्हणालेला नाहीत. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

"गाडी बाजूला घे जरा."

पेट्रोल पंपावर थांबलो, इथला दाट, वेलचीचा करक चहा घेतला. कप दोन्ही हातांत धरून तुम्ही म्हणालात, "लिही. अगदी असंच लिही. प्रबंध दे, व्हायवा होऊ दे. त्या दिवशी ये माझ्याकडे, मग मी सांगते."

"म्हणजे साक्षीदार फुटला एकदाचा!"

"साक्षीदार नाही गं," तुम्ही म्हणालात आणि चहा प्यायलात.

मी तिकडे लक्षच दिलं नाही. मला फक्त ऐकू आलं की तुम्ही बोलणार आहात. मग काय, प्रबंध दिला आणि विद्यापीठाच्या तारखेची वाट बघत बसले. तारीख हलेना. प्रत्येक शुक्रवारी मी विचारायची, "थोडं आत्ता सांगा ना," आणि तुम्ही म्हणायचात, "इन्शाल्ला, व्हायवानंतर." तुमचं हृदय इतकं घाईत आहे, हे आपल्या दोघींनाही कुठे ठाऊक होतं? तारखेची ईमेल आली तेव्हा गौरी नाशिकला होती, तुमच्या दहाव्याला. मी ईमेल वाचून मोबाईल पालथा टाकला. मला व्हायवाची भीती कधीच नव्हती, ताई. मला त्यानंतरचा तो दिवस हवा होता.

तर काल. माझ्या घरात दोन्ही पोरांचा वर्ल्ड कप चालू, म्हणून गौरी म्हणाली, आईच्या खोलीत बस. तुमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, गौरी कॅमेऱ्यात येणार नाही अशी तुमच्या पलंगावर बसली. पुण्यात विभागाच्या हॉलमध्ये परीक्षक आणि गाईड, आणि खुली व्हायवा म्हणून ठेवलेल्या खुर्च्यांवर एकटा प्रसाद. कॉन्ट्रॅक्ट संपून परत गेलाय ना तो. मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसला होता, गाढव. मी बोलले, ताई! समोर पानं होती, एकदाही पाहिली नाहीत. हात स्टीअरिंगवर असल्यासारखे टेबलावर होते आणि मी थेट दुखानपर्यंत गेले. बाईंनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, शेवटी विचारलं, "ही तळटीप. बोलायला नकार देणाऱ्या प्रेक्षक. त्यांनी नंतर काही सांगितलं?"

मी पाणी प्यायले. म्हटलं, "सांगणार होत्या. मागच्या महिन्यात गेल्या."

मग अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली, प्रसादने एकट्याने इतक्या टाळ्या वाजवल्या की शिपाई डोकावून गेला, आणि माझे गाईड पहिल्यांदाच हसून म्हणाले, "पोहोचलात!"

लॅपटॉप मिटला, मी वळले, तर गौरी माझ्याकडे विचित्र बघत होती.

"प्रेक्षक कोण? आई?"

"हो. शेवटच्या नाटकाला."

"अगं, आई त्या नाटकाला नव्हतीच."

ताई! इतकी वर्षं मी ज्या साक्षीसाठी तुमच्याशी भांडले ती तुमच्याकडे नव्हतीच! आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. गौरी पुढे सांगायला लागली, तशी मी तिचा हात धरला. "थांब. इथे नको. उद्या शुक्रवार आहे. गाडीत."

आज सकाळी गेलो. गौरी तुमच्या जागेवर बसली, थर्मास पायाशी. टोपीचं स्टेडियम सगळ्या रोषणाईच्या तयारीत उभं होतं, मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्यावरून पुढे गेलो. बराच वेळ ती नुसतीच ऑफिसचं, गर्दीचं बोलत होती. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मग ती आपणहून बोलायला लागली.

"दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. मी नववीत जाणार होते, नाशिकला. आई म्हणाली, तुम्ही दोघं जा, मला बॅगा भरायच्यात. मला नव्हतं जायचं. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत आईची खुर्ची बाबांनी रिकामी ठेवली, कुणाला बसू दिलं नाही. लोक हसत होते गं, खूप हसत होते. ज्यांच्या बायका शेजारी होत्या ते. बाबा हसले नाहीत. ज्यांची माणसं त्या उन्हाळ्यात निघाली होती, त्यांच्यातलं कुणीच हसलं नाही."

म्हणजे करंदीकरही खरे आणि सामंतही खरे. एरवी मी गाडी थांबवून ओरडले असते. मी म्हटलं, "पुढे?"

गौरीने एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

"घरी आलो तर आई नाटकाची साडी नेसून तयार होती. बॅगा बंद व्हायच्या होत्या. मला म्हणाली, बस इथे, सगळं नाटक सांग, पहिल्यापासून. मी बॅगेवर बसून सांगत होते, ती पट्टे आवळत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी थांबले की एवढंच म्हणायची." गौरीने थर्मास उचलून मांडीवर घेतला. "तू आत्ता म्हणालीस तेच."

पुढे रस्ता अडवलेला होता, लांबून वळसा घ्या, अशी पाटी होती. मी इंडिकेटर दिला.

अंतिम प्रतीत तळटीप बदलतेय, ताई. तुम्हाला तिथून काढून प्रकरणात आणतेय. "मला प्रबंधात घ्यायचं नाही," असं तुम्ही हजारदा बजावलंय, पण आता तुमचं ऐकणार नाही. गौरीने डोळे पुसले, थर्मासचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "बाकीचंही आठवतंय मला. सांगू?"

वळसा लांबचा होता.

"पुढे?" मी म्हटलं.